पहारा आणि आनंद: नहेम्यावर चार बुधवारांचा अभ्यास कसा बसवावा?

रिमझिम_सकाळ

जय ख्रिस्त. घरसभेत पुढच्या महिन्यात चार बुधवार मिळालेत, दर वेळी एक तास. बारा जण, वय १९ पासून ७० पर्यंत. विषय ठरलाय: आत्मिक दृष्ट्या जागं राहणं आणि देव मोडलेलं परत उभं करतो त्यातला आनंद. आधाराला नहेम्याचा ग्रंथ.

अडचण अशी की हे दोन विषय एकमेकांना खातात. 'जागे राहा' यावर बोललं की सगळे मान खाली घालून घरी जातात. पुनःस्थापनेवर बोललं की 'देव बघून घेईल' म्हणून सैल पडतात. विचारायचंय ते असं:

– तेरा अध्याय चार बैठकांत कसे घ्यायचे? तिसऱ्यातली नावांची यादी गाळली तर चालेल का?
– ८:१० मध्ये लोकांना रडू नका म्हणतात आणि पुढच्याच अध्यायात तेच लोक गोणपाट नेसून उपास करतात. हे कसं समजावायचं?
– शेवटी एक रात्र साखळी प्रार्थना (पाळीपाळीनं रात्रभर) ठेवायची आहे. पहाटे तीननंतर साखळी तुटते ती का, आणि उपाय काय?
– घरी रोज करायला पाच-दहा मिनिटांचं काही?

---

कोटाचा_दगड

ताई, तेराही अध्याय घेऊ नका. १, ३, ४, ८ आणि १३ एवढे नीट करा. २, ६, ९ आणि १२ मधून तुकडे घ्या, बाकीचे घरी वाचायला द्या.

तिसरा मात्र अजिबात गाळू नका. नावं कंटाळवाणी वाटतात म्हणून तिथून उडी मारतात आणि अभ्यास तिथंच लंगडा होतो.

पहिला बुधवार: अध्याय १, मग २:१–१६, मग ३. काळ सांगा: इ.स.पू. ४४५, अर्तहशश्त राजाचं विसावं वर्ष. यरुशलेमेचा कोट (तटबंदी) पडलाय ही बातमी राजाचा प्यालेबरदार नहेम्याला शूशन राजधानीत किसलेव महिन्यात मिळते, राजासमोर तो तोंड उघडतो निसानमध्ये. मधले चार महिने उपास आणि प्रार्थना. आणि राजानं 'काय हवं' विचारल्यावर २:४ मध्ये एका श्वासाची प्रार्थना. ही छोटी प्रार्थना त्या चार महिन्यांवर उभी आहे, हे तरुणांना नक्की दाखवा; त्यांना छोटीच तेवढी आवडते.

मग रात्रीची पाहणी. पोचल्यावर तीन दिवस गप्प, बरोबर थोडी माणसं, जनावर एकच. एका जागी मलबा इतका की जनावराला पुढं जायला वाट नाही. आणि पाहून होईपर्यंत कुणाला अवाक्षर सांगितलेलं नाही. लोक मान खाली घालून जातात त्याचं कारण इथंच सापडेल. आपण पाहणीच्या आधी ओरडतो. नहेम्या आधी पाहतो, मग २:१७ मध्ये 'चला, आपण बांधू' म्हणतो, आणि लगेच देवाचा हात कसा आपल्यावर होता ते सांगतो.

इथं कागदाचं काम द्या. प्रत्येकानं पडलेली एकच जागा लिहायची, पण नेमकी. 'माझी प्रार्थना कमी पडते' हे चालणार नाही. 'रात्री साडेदहानंतर मोबाईल', 'धाकट्या जावेशी बोलणं बंद', 'पगाराच्या दिवशी बाटली' असं. कागद घडी करून स्वतःच्याच बायबलात ठेवायचा, मोठ्यानं वाचायचा नाही. मोठ्यानं वाचायला लावलं की लोक सोयीची पापं लिहितात.

तिसरा अध्याय चौघांनी वाचायचा, ३२ वचनं आहेत, आठ-आठ वाटून द्या. 'त्याच्या शेजारी', 'त्यानंतर' असे शब्द आले की बाकीच्यांनी बोटानं मांडीवर टिचकी मारायची. साधारण चाळीस तुकड्या एकमेकींना लागून काम करताहेत, हे कानानंच कळतं. मग चार माणसं शोधायला सांगा: सोनार आणि सुगंधी द्रव्यं करणारा (३:८), मुलींना घेऊन दुरुस्ती करणारा शल्लूम (३:१२), आणि तकोईचे ते सरदार ज्यांनी मान वाकवली नाही (३:५). सरदारांवाचून गाव थांबलं नाही, तकोईच्या लोकांनी ३:२७ मध्ये दुसरा भागही बांधला. आणि ३:१०, २३, २८–३० मध्ये माणसं आपापल्या घरासमोरचा भाग बांधताहेत, तो या बैठकीचा गाभा. चर्चा शेजाऱ्याच्या भिंतीवर घसरणार हे धरून चाला. घसरली की ३:२८ परत वाचा, कुणाला टोकायची गरज पडत नाही.

दुसरा बुधवार: अध्याय ४, सोबत ६:१–१६. इथं क्रम महत्त्वाचा. थट्टा आधी: कोल्हा चढला तरी ही भिंत पडेल, असं विरोधक तोबीया म्हणतो. ४:६ ला कोट अर्ध्या उंचीचा होतो. ४:९ ला प्रार्थना आणि पहारा एकाच वाक्यात. आणि लगेच ४:१० ला ओझी वाहणारे थकतात, मलबा फार आहे म्हणतात. शत्रूचा एक बाण सुटलेला नाही अजून! काम अर्ध्यावर आलं की जो शीण येतो, त्याला लोक विश्वास कमी झाला असं समजतात. शीण आणि अविश्वास यांतला फरक फळ्यावर लिहा.

पहाऱ्याची रचनाही दाखवा. सखल जागी घराण्याप्रमाणे माणसं (४:१३), अर्धे कामावर अर्धे भाले धरून (४:१६), शिंगवाला नहेम्याजवळ (४:१८), शिंग वाजेल तिथं सगळ्यांनी धावायचं (४:२०). एकट्यानं अख्खा कोट राखायचा असं कुठंच लिहिलेलं नाही. तुमची मंडळी घाबरून घरी जातात, कारण जागं राहणं हे त्यांना एकट्याचं काम वाटतं. जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीचं शिंग ठरवा: अमुक वेळी मिस्ड कॉल आला तर दुसऱ्यानं काही न विचारता प्रार्थना सुरू करायची.

(इंग्रजी किंवा हिब्रू टीका वापरणार असाल तर वचनांचे आकडे जपून. हिब्रू शास्त्रात चौथा अध्याय आपल्या ४:७ पासून सुरू होतो, त्यामुळे सहाचा फरक पडतो.)

तिसरा बुधवार: अध्याय ८ आणि ९:१–३. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखांत आहे. एलूलच्या (सहाव्या महिन्याच्या) २५ तारखेला, ५२ दिवसांत कोट पुरा (६:१५). त्यानंतर आठवडाही उलटत नाही तोच सातव्या महिन्याची पहिली तारीख उजाडते. पाणीवेशीसमोर लाकडी मंचावर शास्त्री एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक ऐकून रडतात. तो पवित्र दिवस आहे, म्हणून गोडधोड खा आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा, असं सांगितलं जातं. मग १५ तारखेपासून मांडवांचा सण, सात दिवस. आणि २४ तारखेला उपास, गोणपाट, पापकबुली: दिवसाचा चौथा हिस्सा वाचन, चौथा हिस्सा कबुली.

म्हणजे रडणं मना केलेलं नाही, २३ दिवस पुढं ढकललेलं आहे. आधी जेवण, मग कबुली. आपल्या सभांत हे नेमकं उलटं चालतं: कबुली पुरती झाली तर शेवटी आनंदाचं एक गीत. फळ्यावर २५, १, १५, २४ असे चार आकडे ओळीनं मांडा, दुसरं काही नको.

८:१० मध्ये जो शब्द आहे तो हिब्रूत 'माओज', गड, आश्रयाची भक्कम जागा. बऱ्याच पोस्टरांवर तो नुसता 'ताकद' होऊन येतो आणि सगळी धार जाते. ज्यांनी नुकताच हाडाची काडं करून कोट बांधला त्यांना सांगितलं जातंय की तुमचा गड म्हणजे परमेश्वराविषयीचा आनंद. आनंद सुटला तर कोट असून वेस उघडी. तुमचे दोन विषय इथं एक होतात, म्हणून या वचनाला पंधरा मिनिटं द्या.

चौथा बुधवार: १२:२७–४३ आणि १३:४–१४. कोल्ह्यानं पडणार होती त्या भिंतीवरून दोन गायकवर्ग चालत जातात आणि आनंदाचा आवाज दूरवर ऐकू येतो. मग तेराव्यात नहेम्या राजाकडे जाऊन परत येतो तर त्याच तोबीयाला मंदिरात खोली! कोट शाबूत, वेशी शाबूत, शत्रू आत बिऱ्हाडाला. ही खोली कशाची होती ते मोजून वाचा: अन्नार्पणं, धूप, पात्रं, धान्य-द्राक्षारस-तेलाचे दशमांश. पुढं १३:१० मध्ये लेव्यांचे (मंदिरसेवकांचे) वाटे थकलेत आणि ते आपापल्या शेतावर गेलेत. कोठीत धान्य येत असतं तर तिथं तोबीयाचं सामान मावलं नसतं, असं माझं वाचन आहे.

आणि तो आत आला कसा? सोयरिकीनं. १३:४ मध्ये याजक एल्याशीब त्याचा सोयरा. ६:१८ मध्ये बरेख्याचा मुलगा मशुल्लाम याची मुलगी तोबीयाची सून. हाच मशुल्लाम ३:४ आणि ३:३० मध्ये कोट बांधतोय. ही जोडणी गटाला स्वतः शोधू द्या, पाच मिनिटं लागतील पण विसरणार नाहीत.

---

जाळी_सांधणारा

वरची मांडणी चांगली आहे, पण चारही बुधवार नहेम्यावरच राहिलात तर लोकांना वाटेल हा सगळा दगडमातीचा मामला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या मध्ये पेत्र आणा, वीस मिनिटं पुरेत.

१ पेत्र ५:८ सगळ्यांना पाठ आहे: सावध असा, जागे राहा, गर्जणारा सिंह. पण ते एकटंच पाठ आहे, आणि त्यामुळेच त्याची भीती वाटते. ५:६ ते ५:१० सलग वाचा. सातव्यात आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका. त्यानंतर आठव्यात जागे राहा. नवव्यात तुमच्यासारखीच दुःखं जगभरातले बंधू सोसताहेत. दहाव्यात देव स्वतः तुम्हाला पूर्ववत, दृढ, सबळ करील. सातवं गाळून आठवं घेतलं की जागरण होतं, जागृती होत नाही. चिंता डोक्यावर ठेवून पहारा करणारा प्रत्येक सावलीला सिंह समजतो.

आणि हे लिहितोय कोण? येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत एक तास जागा राहू शकला नाही तो. त्याला एका कोळशाच्या शेगडीजवळ (योहान १८:१८) कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारताना पाहिलंय आपण. योहान २१:९ ला पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. तो ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच जागी येतो. विस्तवावर मासळी, भाकर, आधी न्याहारी, आणि न्याहारी झाल्यावर येशूचे तीन प्रश्न. इथंही आधी जेवण! नहेम्या आठशी हे लावून दाखवा.

५:१० मधलं क्रियापद 'कातार्तिझो'. मार्क १:१९ मध्ये याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करताहेत, तिथं हेच क्रियापद. पुनःस्थापना हा शब्द आपल्याकडे फार जड झालाय, जाळं सांधणं म्हटलं की कोकणातल्या माणसाला चटकन कळतं. जाळ्याचा फाटलेला डोळा आधी साफ कापून घ्यावा लागतो, कुजका दोरा तसाच ठेवून गाठ मारली तर पहिल्या ओढीला सुटते. आणि जाळं सांधतात ते परत पाण्यात टाकायला, खुंटीला लावायला नव्हे.

---

चौथा_प्रहर

साखळी प्रार्थनेबद्दल. तीननंतर साखळी तुटते याची कारणं ठरलेली आहेत: एकेकट्याला लावलेलं असतं, उत्साही माणसं सुरुवातीचे तास घेऊन बसतात, आणि पहाटे म्हाताऱ्यांना 'तसंही झोप लागत नाही तुम्हाला' म्हणून ढकललेलं असतं.

हिशेब सरळ करा. रात्री ९ ते पहाटे ६ म्हणजे नऊ तास, ५४० मिनिटं. बारा जणांच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीला ९० मिनिटं. रोमी पद्धतीत रात्रीचे चार प्रहर होते (मार्क १३:३५ मध्ये चारही येतात: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवायची वेळ, पहाट), आपल्याकडेही रात्रीचे चारच. त्यातले शेवटचे तीन तुमच्या वाट्याला येतात, प्रहराला दोन जोड्या.

९० मिनिटं सलग बोलून प्रार्थना होत नाही, चाळीसाव्या मिनिटाला शब्द संपतात. असं मांडा: स्तोत्र १२६ मोठ्यानं, दहा मिनिटं. उपकारस्तुती, वीस. नावं घेऊन मध्यस्थी, तीस, पण नावं आधीच कागदावर. पाच मिनिटं उभं राहून पाणी. मग गीत आणि शांत बसणं, वीस. उरलेली पाच मिनिटं पुढच्या जोडीला उठवायला. फोन एकदा वाजवून सोडू नका, समोरच्याचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवायचा नाही. ३ ते ४:३० ची जोडी सगळ्यात तरुण असू द्या आणि तिला नऊला झोपायची ताकीद द्या.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना उपास आणि जागरण दोन्ही नको. सकाळी सहाची स्तुती त्यांना द्या. नहेम्यानंही अर्ध्यांनाच भाले दिले होते. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया खचला तेव्हा देवदूतानं त्याला प्रार्थनेला उठवलं नाही, खायला उठवलं, दोनदा. मध्ये झोपूही दिलं.

स्तोत्र १२६ का? पहिल्या तीन वचनांत देवानं परत आणलं म्हणून हसू आहे, चौथ्यात 'परत आण' अशी विनंती आहे. मिळालंय आणि मागताहेत, दोन्ही एका स्तोत्रात. नेगेबातले ओढे वर्षभर कोरडे आणि पाऊस झाला की दुथडी, हे माण-आटपाडीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

---

रिमझिम_सकाळ

सगळ्यांचे आभार. दोन शंका आहेत. १३:२५ मध्ये नहेम्या लोकांना मारतो, केस उपटतो. तरुण मुलं हे विचारणारच. आणि आमच्यातले एक भाऊ दीड वर्षानंतर परत यायला लागलेत, त्यांच्यासमोर तोबीयाची खोली वगैरे घेतलं तर त्यांना लागेल का?

---

कोटाचा_दगड

केस उपटले ते लिहिलंय तसं वाचा, झाकू नका आणि समर्थनही करू नका. ग्रंथ नहेम्याचं प्रत्येक कृत्य अनुकरणाला देत नाही. त्याच्या शेजारी इफिस ६:१२ ठेवा: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. हे चौथ्या बुधवारी स्पष्ट बोला, कारण सनबल्लट-तोबीया (कोटाचे दोन विरोधक) म्हणजे गल्लीतले दुसऱ्या धर्माचे शेजारी असा अर्थ कुणीतरी काढतंच. तोबीयाचं सामान फेकायचं ते आपल्याच कोठीतून.

त्या भावांसाठी गलती ६:१. कुणी चुकीत सापडला तर सौम्यतेनं त्याला ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडे लक्ष ठेवा, तुम्हीही मोहात पडाल. वर ज्यांनी 'कातार्तिझो' सांगितलं तेच क्रियापद इथंही आहे. सावधगिरीचा रोख बघा: परत आलेल्यावर नजर ठेवा असं पौल म्हणत नाही, परत आणणाऱ्यानं स्वतःवर ठेवायची. त्यांना पहिल्याच बुधवारी साक्ष द्यायला उभं करू नका. तिसऱ्या अध्यायाच्या वाचनात आठ वचनं द्या. नावं अवघड आहेत, सगळेच अडखळतील, त्यात तेही अडखळतील.

तेराव्यात लोक ९ व्या वचनाच्या अर्ध्यावरच थांबतात. सामान बाहेर, खोल्या शुद्ध, आणि मग पात्रं, अन्नार्पणं, धूप परत आत. रिकामी ठेवलेली खोली मत्तय १२:४४ मध्येही आहे, झाडलेली, सजवलेली, आणि तिथं आधीचा एक अशुद्ध आत्मा होता तो आणखी सात जणांना घेऊन परततो. म्हणून पहिल्या बुधवारचा तो घडी केलेला कागद चौथ्या बुधवारी उघडायला लावा आणि मागच्या बाजूला 'या जागी काय ठेवणार' एवढंच लिहायला सांगा. साडेदहानंतरचा मोबाईल गेला, मग तिथं काय?

रोजची वही हवी असेल तर तीन ओळींची. आज काय परत मिळालं, कुठं भिंत खचली, उद्या कुणाला हाक मारणार. याच क्रमानं. खचलेलं आधी लिहायला घेतलं की दहा दिवसांत ती वही पोलीस डायरी होते आणि अकराव्या दिवशी बंद पडते.

---

मीठभाकर

तिसऱ्या बुधवारी नुसतं ८:१० वाचून चहा-बिस्किटावर भागवू नका, वाटे खरंच पाठवा. बारा जण आणि चार डबे धरून शिऱ्याचे सोळा वाटे: अर्धा किलो रवा, तेवढीच साखर, पाव किलो तूप, निम्मं दूध निम्मं पाणी मिळून सव्वा ते दीड लिटर. रवा मंद आचेवर तुपात भाजायला वीस मिनिटं द्या, घाई केली की वरून तांबूस आणि आत कच्चा. दूध-पाणी उकळतं घाला, गार घातलं की गुठळ्या. साखर रवा फुलल्यावरच, आधी घातली तर रवा शिजत नाही.

डबे कुणाला जाणार ते आदल्या रविवारीच ठरवा: अंथरुणाला खिळलेलं कुणी, सभेला येणं सोडलेलं कुणी. उरलं तर पाठवू असं केलं तर उरत नाही. आधी चार डबे भरायचे, मग ताटल्या मांडायच्या. आणि डबा देताना 'का येत नाही' विचारायचं नाही.

---

चौथा_प्रहर

साखळीची रात्र शक्यतो शनिवारची नको. रविवारी उपासनेत निम्मे पेंगतात आणि पाळकसाहेब पुढच्या वेळी परवानगी देत नाहीत. शुक्रवार ठेवा. शेवटच्या जोडीनं सहाला बाकीच्या दहांना फोन करून स्तोत्र १२६ चं तिसरं वचन तेवढं वाचून दाखवायचं.